झाकणवाली कोणी आणली?

परवाच्या शनिवारी एका कलीगच्या नव्या फ्लॅटवर पार्टी होती. बाणेर, अकरावा मजला, बाल्कनीतून टेकडी दिसते (म्हणजे सध्या तरी दिसते, समोरच्या प्लॉटवर पत्रे लागलेत). जाताना मी नाशिकची एक व्हाइट वाइन घेऊन गेलो. बाटलीला स्क्रू कॅप होती, म्हणजे फिरवलं की उघडणारं साधं झाकण. यजमानाने बाटली हातात घेतली, झाकणाकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरे, ही झाकणवाली कोणी आणली?"

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार! माझी बाटली फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या जुडीशेजारी गेली. टेबलावर विराजमान झाली एक इटालियन रेड, बुचाची. आणि तिच्या शेजारी आजच्या कथेचा नायक, इलेक्ट्रिक ओपनर. चकचकीत स्टील, बुडाशी निळा दिवा. बाटलीवर ठेवायचा, बटण दाबायचं, बूच आपोआप वर.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. बटण दाबलं, घर्र्र आवाज झाला, स्क्रू बुचात अर्धा शिरला आणि निळा दिवा विझला. बॅटरी संपली. चार्जर सापडेना. आता बाटलीच्या डोक्यावर ते यंत्र टोपीसारखं घट्ट बसलेलं, ना पुढे ना मागे. खोलीत आठ इंजिनिअर. सगळ्यांनी ओढून बघितलं. शेवटी यंत्र निघालं, पण अर्धं बूच घेऊन. उरलेलं बूच एकाने भाजीच्या सुरीने कोरायला घेतलं आणि अंगठा कापून घेतला, चांगले दोन टाके पडले. मग लाटण्याच्या टोकाने बूच आत ढकललं, रेड वाइनचं कारंजं यजमानाच्या नव्या पांढऱ्या भिंतीवर उडालं, आणि उरलेली वाइन आम्ही चहाच्या गाळणीतून गाळून प्यायलो.

मधल्या वेळात कोणीतरी फ्रीज उघडला, कोथिंबीर बाजूला केली, आणि कट्ट असा आवाज झाला. दोन सेकंद.

हे मी सूड म्हणून लिहीत नाहीये. (बरं, थोडा सूड आहे.) पण घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत कॉर्कस्क्रूंबद्दल वाचत बसलो, आणि जे सापडलं ते वाचून माझं मत आणखीच पक्कं झालं. ते मत असं, की बूच हा बग आहे. आणि कॉर्कस्क्रू नावाचा जो काही सव्वातीनशे-साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे तो या एका बगवर मारलेल्या पॅचेसचा इतिहास आहे. पॅचेस एकाहून एक सुंदर आहेत. पण पॅच तो पॅच.

सुरुवातीपासून बघू. सतराव्या शतकाच्या आधी युरोपात वाइन प्रामुख्याने पिंपातून विकली जायची. काचेच्या बाटल्या नाजूक, टेबलावर ओतून आणण्यापुरत्या. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजा पहिल्या जेम्सने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी घातली, कारण आरमाराच्या जहाजांना लाकूड हवं होतं. भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले, भट्ट्या जास्त तापायला लागल्या, आणि काच जाड आणि दणकट झाली. मजबूत बाटली आली आणि तिच्या तोंडाला पोर्तुगाल-स्पेनच्या ओक झाडाची साल, म्हणजेच बूच, फिट्ट बसलं. सुरुवातीची बुचं निमुळती असायची आणि अर्धी बाहेर राहायची, हाताने उपटता यायची. पण अठराव्या शतकात बाटल्या लांबट होऊन आडव्या रचून ठेवायची पद्धत आली. आडव्या बाटलीतून गळायला नको म्हणून बूच पूर्ण आत ठोकायला लागले. आणि आत गेलेलं बूच बाहेर काढायचं कसं?

इथे मला सगळ्यात आवडलेला भाग येतो. त्या काळात ठासणीच्या बंदुका होत्या. नळीत दारू भरायची, वर बोळा ठासायचा, गोळी घालायची. बार उडालाच नाही तर आतला बोळा उपसून काढावा लागे, आणि त्यासाठी गजाच्या टोकाला लावायचं एक पिळदार पोलादी हत्यार असे. इंग्रजीत त्याला म्हणत 'वर्म', म्हणजे अळी. तेच हत्यार बाटलीत घुसलं. १६८१ मध्ये नेहेमाया ग्रू या इंग्रज शास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीच्या संग्रहालयाची यादी छापली, तिच्यात बाटल्यांतून बुचं ओढून काढायच्या पोलादी अळीचा उल्लेख आहे. आजही कॉर्कस्क्रूच्या पिळाला इंग्रजीत वर्मच म्हणतात.

म्हणजे बघा, बंदुकीतल्या दारूवरचा बोळा काढायचं अवजार बाटलीतल्या दारूवरचा बोळा काढायला आलं. मराठीत तर दोन्हीला दारूच म्हणतात! आणि आपला 'बूच' हा शब्दही पोर्तुगीज 'बुशा'वरून आलाय. त्याचा अर्थ बोळा, बंदुकीतला बोळासुद्धा. पुण्यात ज्याला आपण बुचाचं झाड म्हणतो, ते लांब दांड्याच्या पांढऱ्या सुगंधी फुलांचं, त्याचा खऱ्या कॉर्कच्या झाडाशी संबंध नाही. त्याची साल कामचलाऊ बूच म्हणून वापरायचे, म्हणून ते नाव. असो, विषयांतर झालं.

यानंतर पॅचेसची रांग सुरू होते. नुसता पिळ आणि वर आडवी मूठ हे पहिलं व्हर्जन. गुडघ्यात बाटली धरा आणि ओढा. आता हा आकडा ध्यानात घ्या. साधारण २४ मिलिमीटर व्यासाचं बूच दाबून सुमारे साडेअठरा मिलिमीटरच्या तोंडात कोंबलेलं असतं. ते बाहेर काढायला साधारण २० ते ४० किलोचा जोर लागतो. साधारण अर्ध्या ते पाऊण सिमेंटच्या पोत्याएवढा, मनगटावर. ज्याच्या आजीची संधिवाताने बोटं वाकली आहेत त्याला हा आकडा समजावून सांगायला नको.

१७९५ मध्ये सॅम्युएल हेन्शॉल नावाच्या इंग्रज पाद्र्याने कॉर्कस्क्रूचं पहिलं पेटंट घेतलं. हो, पाद्र्याने! त्याने काय केलं, तर पिळाच्या वर एक चकती बसवली. स्क्रू पूर्ण आत गेला की चकती बुचावर टेकते, आणि मग फिरवत राहिलं की अख्खं बूच फिरतं आणि काचेला चिकटलेलं सुटतं. किती साधी, किती बिनतोड कल्पना. चिकटलेली गोष्ट आधी फिरवून सोडवा, मग ओढा. लोणच्याच्या बरणीशी झटापट केलेल्या कुठल्याही आईला हे माहिती असतं, पण पेटंट हेन्शॉलला मिळालं. बनवून घेण्यासाठी त्याने बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनला गाठलं, तोच बोल्टन जो जेम्स वॉटबरोबर वाफेची इंजिनं बनवत होता. १८०२ मध्ये त्याच बर्मिंगहॅमच्या एडवर्ड थॉमसनने पुढची मजल मारली. दुहेरी स्क्रू. एकाच दिशेने फिरवत राहा, आधी पिळ आत जातो, मग बूच आपोआप वर येतं. ओढायचं कामच नाही. त्यात अक्कल होती आणि देखणेपणही होता.

मग एकोणिसाव्या शतकात पेटंटांचा नुसता पाऊस. दोन हात वर करणारी बाहुली तुम्ही सगळ्यांनी बघितली असेल, हात खाली दाबले की बूच वर. तिचं ए-वन नावाचं मॉडेल हीली कंपनीने १८८८ मध्ये आणलं. दोन पात्यांचा चिमटा, बुचाच्या दोन्ही बाजूंनी सरकवून बुचाला भोक न पाडता काढणारा. जुन्या, कुजकी बुचं झालेल्या बाटल्यांना आजही तोच लागतो. पोर्टच्या फार जुन्या बाटल्यांसाठी तर सरळ लालभडक तापवलेला सांडसा बाटलीच्या गळ्याला लावायचा, मग ओलं फडकं, आणि काचच कापून टाकायची. म्हणजे दार उघडत नाही म्हणून भिंत पाडायची.

आणि या सगळ्यांत एकच अवजार आहे ज्याच्यापुढे मी मनापासून हात जोडतो. जर्मनीच्या कार्ल विंकेने १८८२ मध्ये पेटंट घेतलेला 'वेटरचा मित्र'. खिशात मावणारी घडीची सुरी, एका टोकाला टेकू, मध्ये पिळ. टेकू बाटलीच्या काठावर टेकवायचा आणि मूठ वर उचलायची. शाळेत शिकलेली तरफ. पुढे १९९०च्या दशकात स्पेनमध्ये टेकूला दोन सांधे आले, त्यामुळे बूच दोन टप्प्यांत सरळ वर येतं, वाकून तुटत नाही. बॅटरी नाही, निळा दिवा नाही, दोन-तीनशे रुपयांत मिळतो. घ्यायचाच असेल तर हाच घ्या. फक्त पिळ बघून घ्या. पिळाच्या मधून आगकाडी आरपार जाईल अशी पोकळी हवी. मधे भरीव दांडा असलेला स्क्रू बूच पकडत नाही, भोक पाडून त्याचा भुगा करतो.

इथे थांबायला हवं होतं. पण नाही. ह्यूस्टनच्या हर्बर्ट ॲलनने, म्हणजे तेलविहिरींची यंत्रं बनवणाऱ्या इंजिनिअरने, १९७०च्या दशकाच्या अखेरीस टेफ्लॉनचा मुलामा दिलेल्या लांब पिळाचा स्क्रूपुल आणला. तत्त्व थॉमसनसारखंच, एकाच दिशेने फिरवत राहा. उत्तमच आहे. पण विचार करा, तेलविहीर खोदणाऱ्याची अक्कल द्राक्षाच्या रसाची बाटली उघडायला! मग तरफवाले 'ससे' आले, मग बॅटरीवाले आले. २०१३ मध्ये कोराविन आलं, वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या ग्रेग लॅम्ब्रेक्टचं. बूच काढायचंच नाही, त्यातून इंजेक्शनसारखी सुई घालायची, आत आर्गॉन वायू सोडायचा, वाइन बाहेर. २०१४ मध्ये दाबाने काही बाटल्या फुटल्या, तेव्हा विक्री काही काळ थांबवून बाटलीला घालायचं जॅकेट द्यावं लागलं. म्हणजे पॅचचा पॅच. आपल्या प्रॉडक्शन सपोर्टवाल्या मंडळींना हे दुःख वेगळं सांगायला नको.

आता दुसरीकडे बघा. बियर आणि सोडाही एकेकाळी बुचाच्याच बाटल्यांत यायचे. १८७२ मध्ये इंग्लंडच्या हायरम कॉडने गोटीवाली बाटली आणली. आपल्याकडे गोटी सोडा म्हणून जत्रेत अजून दिसते, अंगठ्याने गोटी दाबली की फट्ट. १८९२ मध्ये बॉल्टिमोरच्या विल्यम पेंटरने पत्र्याचं कातरी काठाचं झाकण आणलं. बियरवाल्यांनी बूच फेकून दिलं आणि पुन्हा मागे वळून बघितलं नाही. बियरच्या बाटलीला पत्र्याचं झाकण आहे म्हणून आजवर कोणी नाक मुरडलेलं ऐकलंय?

वाइनच्या लोकांकडेही उपाय आला होता. फ्रान्समध्येच वाइनसाठी खास स्क्रू कॅप तयार झाली, १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियाने ती वापरूनही बघितली. वाइन छान राहिली, गिऱ्हाईक राहिलं नाही. "स्वस्तातली वाटते." पंचवीसेक वर्षं फुकट गेली.

आणि यात फक्त सोय-गैरसोय नाहीये. बूच वाइन नासवतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस शास्त्रज्ञांनी टीसीए नावाचं रसायन शोधलं, बुचातून उतरणारं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद पडलेल्या तळघराचा वास येतो. शेतकऱ्याने वर्षभर द्राक्षं जपायची, वाइनवाल्याने दोन वर्षं सांभाळायची, आणि शेवटच्या चार सेंटिमीटरवर सालीचा तुकडा घात करणार. आणि पिणाऱ्याला वाटणार वाइनच वाईट. ज्या देशात लोक आत्ता कुठे पहिली-दुसरी बाटली चाखतायत तिथे हा घात दुप्पट. तो माणूस परत नाशिकची बाटली घेईल का?

याला वैतागून २००० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतले रीस्लिंगवाले एकत्र आले आणि सगळ्यांनी मिळून स्क्रू कॅप लावली. एकट्याने लावली असती तर हसले असते, सगळ्यांनी लावल्यावर कोण कोणाला हसणार? २००१ मध्ये न्यूझीलंडच्या वायनऱ्यांनी तेच केलं, आणि आज तिथल्या नव्वद टक्क्यांहून जास्त बाटल्यांवर स्क्रू कॅप असते. कॅलिफोर्नियाच्या प्लम्पजॅकने तर १९९७ सालच्या आपल्या भारी रेडच्या निम्म्या बाटल्या स्क्रू कॅपमध्ये भरल्या आणि त्या बुचवालीपेक्षा दहा डॉलर महाग विकल्या. १३५ विरुद्ध १२५. वा! २००२ मध्ये रँडल ग्रॅमने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर बुचाची चक्क अंत्ययात्रा काढली, आणि जॅन्सिस रॉबिन्सनसारख्या नामांकित वाइन समीक्षिकेने श्रद्धांजलीचं भाषण केलं.

आता तुमचे आक्षेप. "बुचातून वाइन श्वास घेते, मुरते." ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने १९९९ मध्ये एकच सेमियाँ चौदा प्रकारच्या बुचा-झाकणांखाली भरली आणि वर्षानुवर्षं तपासली. ताजेपणा सगळ्यात जास्त टिकला तो स्क्रू कॅपखाली. हां, त्या बाटल्यांत थोडा जळक्या रबरासारखा वास सापडला, तोही सांगायला हवा. पण आता झाकणातली चकती बदलून किती हवा आत जाऊ द्यायची हे ठरवता येतं. सालीच्या तुकड्यावर अशी कुठली सेटिंग असते? (प्लॅस्टिकच्या बुचांबद्दल बोलायलाच नको. हवा आत येते ती येतेच, वर कॉर्कस्क्रूही लागतोच.)

"हल्ली बुचं एकेक तपासून येतात." येतात, मान्य. टीसीए खूप कमी झालंय. पण ते झालं कशामुळे? झाकणवाल्यांनी धंदा पळवला तेव्हा.

एक आक्षेप मात्र मला खरंच टोचतो. कॉर्क ओक तोडावा लागत नाही. साधारण पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी, आणि झाड दोनशे वर्षं जगतं. जगातलं निम्मं कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतं, आणि ती जंगलं त्या सालीच्या किमतीवरच उभी आहेत. ॲल्युमिनियमची खाण त्याच्यापुढे उजवी नाही. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. वीस वर्षं मुरवायच्या बाटलीला बूच लावा, खुशाल लावा, जंगलासाठी तिचे पैसेही जास्त घ्या. पण आज घेऊन शनिवारी संपणाऱ्या सातशे-आठशे रुपयांच्या बाटलीला कशाला? आणि बाणेरमधला कोणीही झाकणवालीला पोर्तुगालच्या जंगलासाठी हसत नाही.

तो हसतो कशासाठी, ते मला चांगलं माहितीये. पहिल्या नोकरीत क्लायंटबरोबर जेवायला गेलो होतो. वेटरने बूच काढून माझ्यासमोर बशीत ठेवलं. मी जळगावचा, घरी चहाशिवाय काही नाही. सगळे माझ्याकडे बघतायत. मी बूच उचललं, हुंगलं आणि "नाइस" म्हणालो. समोरचा गालात हसला. नंतर कळलं, बुचावर वायनरीचं नाव छापलेलं असतं, ते लेबलशी जुळतंय का बघायची ही जुनी रीत. बास, एवढंच! पण त्या रात्री मी तीन तास गप्प बसलो होतो. बूच हे कित्येकदा वाइन आत ठेवायला नसतंच, माणसं बाहेर ठेवायला असतं. ज्याला उघडता येतं तो आपला, ज्याला येत नाही त्याला बूच लागलं. आणि ती भीती आहे तोवर पाच हजारांचा निळ्या दिव्याचा ओपनर विकला जाणार.

नाशिकच्या कितीतरी वायनऱ्या आज स्क्रू कॅप लावतात. हे त्यांचं शहाणपण आहे, आणि आपण त्या बाटल्या कोथिंबिरीमागे लपवतोय.

सोमवारी यजमानाचा पिंग आला. भिंतीवरचा डाग जात नाहीये, आणि त्याने नवा ओपनर ऑर्डर केलाय. "फास्ट चार्जिंगवाला आहे." मी त्याला वेटरच्या मित्राची लिंक पाठवली, अडीचशे रुपये. त्याचं उत्तर आलं, "हे हॉटेलातल्या वेटरकडे असतं ना रे?"

मी म्हटलं, हो. त्याच्याकडेच असतं.